प्लॅनेटिस स्लो नाहीये, तुम्हाला घाई आहे

टॉयबॉक्स_१२
काल झटपटरावांनी प्लॅनेटिस या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा तीन ओळींत निकाल लावला. "प्लॅनेटिस सहा भाग बघितली. अंतराळात कचरा गोळा करतात, ऑफिसात येऊन भांडतात, बाकी काही घडत नाही. ओव्हररेटेड." त्यावर लोकांनी टाळ्या पण वाजवल्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो पण ते लांबत गेलं आणि डोकंही तापलं, म्हणून हा वेगळा धागा.

काही घडत नाही म्हणजे काय हो? २०७५ साल आहे, चंद्रावर वस्ती आहे, आणि आपले हिरो कोण तर टेक्नोरा कंपनीच्या ज्या सेक्शनला बाकीचे 'हाफ सेक्शन' म्हणून हिणवतात तिथले कचरेवाले. दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने फिरणारा कचरा. त्या वेगाने पुणे-मुंबई वीस सेकंदांत होईल. एवढासा तुकडा प्रवासी यानाला लागतो आणि माणसं मरतात. त्यांच्यातला युरी इतका गप्प का असतो, बायकोच्या होकायंत्राचं काय, ते दहाव्या भागात कळतं. आणि कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण तोपर्यंत तुम्ही त्या माणसाला नऊ भाग निमूटपणे काम करताना बघितलेलं असतं. पहिल्याच भागात सांगून टाकलं असतं तर "अरेरे" म्हणून तुम्ही चहा करायला उठला असता.

आणि ही मालिका २००३-०४ ची आहे. इरिडियम आणि कॉसमॉस हे उपग्रह सैबेरियावर एकमेकांवर आदळले फेब्रुवारी २००९ मध्ये. बघा मग कोण पुढे होतं ते.

झटपटराव
वा, माझ्या तीन ओळींवर निबंध! कचरा आठ किलोमीटरच्या वेगाने आणि कथा बैलगाडीच्या, हेच तर म्हणत होतो मी.

विषय भारी आहे म्हणून मालिका भारी होत नाही साहेब. शेतकऱ्यावर सिनेमा काढला की तो आपोआप चांगला, असं म्हणणाऱ्यातले तुम्ही. २००९ ला टक्कर झाली त्यात लेखकाचं काय कर्तृत्व? नासाच्या केसलरने कचऱ्याच्या टकरींचा हा धोका १९७८ लाच मांडला होता. आणि सहावा भाग बघितलात ना? चंद्रावर निंजा! एका खोलीत राहणारे बेकार लोक निंजा बनून उड्या मारतायत. ह्याला तुम्ही वास्तववादी सायन्स फिक्शन म्हणता?

टॉयबॉक्स_१२
निंजांबद्दल मी काही बोलणार नाही.

अवकाशवेडी
😂 सहाव्या भागाचा बचाव आजवर कोणीच केलेला नाही, दादा, तुम्हीही प्रयत्न करू नका.

मी मधलं बोलते. मी युकिमुराचा मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, आधी वाचला, चारच खंड आहेत, आणि त्यात हाचिमाकी, युरी आणि फी असे तिघंच असतात बराच वेळ. तानाबे नंतर येते. अ‍ॅनिमेवाल्यांनी तिला पहिल्याच भागात नवीन भरती म्हणून आणलं आणि मग काय, दर भागात "प्रेम! त्यात प्रेम नाही! प्रेमाशिवाय कसं!" असं किंचाळणं. नाव आय आहे, जपानीत आय म्हणजे प्रेम, कळलं बाई, एकदा सांगून कळलं. ऑफिसातला तो मॅनेजर आणि त्याचा जादूचे प्रयोग करणारा असिस्टंट यांच्या विनोदावर तर मी चक्क भाजी निवडत बसायचे. संथपणा चालतो हो मला. पण संथ वेगळं आणि पाणी घालून वाढवलेलं वरण वेगळं.

पण यानाबाहेर गेले की आवाज बंद, फक्त श्वास ऐकू येतो, ते मात्र बाकी कोणी करत नाही. तिथे हात टेकले.

साडेसातची_लोकल
तुम्ही लोक कथानक-कथानक करताय, मी ही मालिका बघून रडलोय ते ऑफिसच्या प्रसंगांवर. नऊ वर्षं सपोर्ट प्रोजेक्टला आहे. डेव्हलपमेंटवाले वरच्या मजल्यावर, त्यांना केक, टाउनहॉलमध्ये फोटो. आम्ही रात्री तीनला सर्व्हर उठवतो. तो पडला नाही तर आम्ही कोणाला दिसतच नाही, पडला की सगळ्या कंपनीला आमची नावं पाठ. तेच ना हाफ सेक्शन? काम नीट झालं तर काहीच घडत नाही, हाच कामाचा पुरावा. त्यात ती एडेल, टेंपररी. सगळ्यांपेक्षा जास्त काम करते आणि बोलत नाही, कारण काँट्रॅक्ट वाढेल की नाही माहीत नाही. आमच्या टीममध्ये अशा दोघी आहेत. झटपटराव, तुम्हाला झोप लागली कारण तुम्ही बहुतेक वरच्या मजल्यावर असाल.

झटपटराव
मी बेंचवर आहे भाऊ, चार महिने प्रोजेक्टच नाही. मजले मोजू नका.

मातीचा_माणूस
इतका वेळ गप्प होतो. आता बोलतोच.

तुम्ही सगळे एसीत बसून कचरा वेचणाऱ्यांशी नातं जोडताय त्याची गंमत वाटली. माझे वडील बावीस वर्षं ठेकेदाराकडे गटारसफाईला होते. हातमोजे मिळायचे ते दिवाळीला फोटो काढण्यापुरते. हाचिमाकीला निदान स्पेससूट आहे, ऑक्सिजन आहे, विमा आहे, तो विकायला बायका ऑफिसात येतात. आणि अधूनमधून पृथ्वीकडे बघून त्याला तत्त्वज्ञान सुचतं. बाबांना खाली उतरल्यावर काही सुचायचं नाही, वर आल्यावर फक्त आंघोळ सुचायची. सर्व्हर पडण्याची आणि गॅसने माणूस पडण्याची तुलना करू नका राव.

साडेसातची_लोकल
मी गटाराचं नावसुद्धा काढलेलं नाही! मी माझ्या ऑफिसचं सांगितलं. प्रत्येक धाग्यावर येऊन कोणाचं दुःख मोठं याची मोजपट्टी काढायची गरज आहे का?

मातीचा_माणूस
मोजपट्टी तुम्हीच काढलीत, वरचा मजला-खालचा मजला.

टॉयबॉक्स_१२
मित्रांनो, विषय मालिकेचा आहे. सफाई कामगारांसाठी स्वतंत्र धागा काढा ना.

मातीचा_माणूस
हेच. अंतराळातला कचरा असेल तर कविता, जमिनीवरचा असेल तर स्वतंत्र धागा.

अवकाशवेडी
टॉयबॉक्सदादा, हे फार वाईट बोललात. मागे घ्या.

आणि मालिकेतही हे आहेच की. अकरावा भाग आठवा. एल तानिका नावाच्या गरीब देशातला तेमारा स्वतःच्या देशात बनवलेला स्पेससूट घेऊन येतो, दारोदार फिरतो, कोणी उभं करत नाही. सूट उत्तम आहे. आणि तिकडे त्याच्या देशावर युद्ध येऊन पडतं. वरून बघितलं तर सीमारेषा दिसत नाहीत, हे वाक्य आपण गोड म्हणून फॉरवर्ड करतो, तिथे ते तोंडात मारल्यासारखं येतं. हा भाग नसता तर मी मातीच्या माणसाच्या बाजूने असते.

मातीचा_माणूस
बघितलाय तो भाग. तो एकच खरा. पण मग पुढे काय केलं? मालिकेतला हकीम म्हणतो की अवकाशातली कमाई श्रीमंत देश खातात, गरिबांच्या वाट्याला काही येत नाही. मुद्दा बरोबर आहे. लगेच त्याच्या हातात बॉम्ब दिला. म्हणजे प्रश्न विचारणारा अतिरेकी झाला, आणि उत्तर काय तर तानाबेचं प्रेम. फार सोयीचं झालं.

गच्चीवरची_दुर्बीण
सगळ्यांना नमस्कार. कचऱ्याचं निघालंच आहे तर २७ मार्च २०१९ विसरू नका, मिशन शक्ती. आपणच आपला उपग्रह उडवला, ४५ दिवसांत तुकडे जळून जातील असं सांगितलं होतं, वर फेकले गेलेले काही त्याच्या कितीतरी नंतरपर्यंत फिरत होते. म्हणजे हाफ सेक्शनचं गिऱ्हाईक आपणही.

झटपटराव
आला, देशाला शिव्या घालणारा आला. चीनने २००७ ला फोडला तो ८०० किमीपेक्षा वर, त्याचा कचरा अजून आहे. आपण मुद्दाम ३०० च्या आत फोडला.

गच्चीवरची_दुर्बीण
शिव्या कुठे घातल्या? खाली फोडला हे शहाणपणाचंच होतं. इस्रोने २०३० पर्यंत कचरा न करणाऱ्या मोहिमांचं जाहीर केलंय त्याचंही कौतुक आहे. जपानी अ‍ॅस्ट्रोस्केल कंपनीचं यान २०२४ मध्ये जुन्या रॉकेटच्या एका टप्प्याला पंधरा मीटरपर्यंत जाऊन आलं. नुसतं जवळ जायला किती महिने लागले बघा. हाचिमाकी दिवसाला एक उचलतो. त्या मानाने मालिका फास्टच म्हणायची.

झटपटराव
😐 हा जोक चांगला होता. मान्य.

साडेसातची_लोकल
मातीचा माणूस, तुलना चुकली माझी. रात्रीची ड्यूटी करून आलो होतो. पण एडेलबद्दल बोललो ते मागे घेणार नाही.

मातीचा_माणूस
एडेलबद्दल मी कुठे काय म्हणालो. काँट्रॅक्ट काय असतं ते मला शिकवू नका एवढंच.

टॉयबॉक्स_१२
मी पण मागे घेतो, स्वतंत्र धाग्याचं. हकीमचाही मुद्दा अर्धा मान्य. शेवटच्या सात-आठ भागांत त्यांना एकदम घाई होते, यानावर गोळीबार काय, चंद्रावर चालत जाणं काय. आधी निवांत आणि मग धावपळ, हे मलाही खटकतं. पण फीला सिगारेट ओढायला मिळत नाही एवढ्यावरून सुरू झालेला भाग जिथे जाऊन संपतो तसं लिहून दाखवा कोणीतरी. आणि शेवट, दोघं बाहेर तरंगत शब्दांच्या भेंड्या खेळतात आणि त्यातच तो लग्नाचं विचारतो

झटपटराव
अहो!!! मी अजून सातव्या भागावर आहे!!!

अवकाशवेडी
तुम्ही तर सोडली होतीत ना?

झटपटराव
काल रात्री सातवा लावला. तुमच्याशी भांडायला मुद्दे हवे म्हणून. ती चंद्रावर जन्मलेली मुलगी, नोनो. बारा वर्षांची, आणि एवढी उंच. पृथ्वीवर कधी जाऊच शकणार नाही, आणि समुद्राबद्दल विचारत राहते.

मातीचा_माणूस
मग?

झटपटराव
मग काय. स्लोच आहे. आठवा लावलाय.