रेड कोसळली? आधी हात मागे घ्या!

खिळेमोळे

"रेड 5 च्या दोन डिस्क गेल्या? रिकव्हरीवाल्यांच्या नादी लागू नका. एमडीएडीएमला क्रिएट सांगा, सोबत अझ्युम-क्लीन, मग माउंट. तासाभरात काम फत्ते." परवाच्या एका धाग्यात हा मौलिक सल्ला वाचला आणि हातातला चहा गार झाला. (नवख्यांसाठी: रेड 5 म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक ॲरे; त्यातली एक गेली तरी चालतं, दोन गेल्या की आडवा. एमडीएडीएम म्हणजे लिनक्समध्ये असा ॲरे जुळवायचं साधन, माउंट म्हणजे फाईली वापरता येतील असं जोडणं.) खाली धन्यवादांची रांग, 'सेव्ह करून ठेवलंय' वगैरे.

अहो, क्रिएट म्हणजे नवा संसार मांडणं. अझ्युम-क्लीनमुळे पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) नव्याने लिहिली जात नाही, इतकंच. प्रत्येक डिस्कवरचा जुना सुपरब्लॉक, म्हणजे ॲरेची माहितीपट्टी, जातोच, आणि कोण कितव्या जागी, चंक (एका डिस्कवर सलग लिहायचा तुकडा) केवढा, डेटा कुठून सुरू होतो (डेटा ऑफसेट) हे सगळं त्यातच होतं. एमडीएडीएमची आवृत्ती वेगळी असेल तर डेटा ऑफसेटही हलतो. मग माउंट होत नाही. मग माणूस एफएससीके (फाईलसिस्टम दुरुस्त करायची कमांड) मारतो, आणि ते बापडं उलटसुलट लावलेल्या डिस्कांवर इमानेइतबारे 'दुरुस्ती' करत सुटतं. रीड-ओन्ली माउंट केलं की सुटलो असंही नाही. लिनक्सची ईएक्सटी4 फाईलसिस्टम तरीही जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंदवही) चालवते, म्हणजे डिस्कवर लिहितेच; ते टाळायला नोलोड हा पर्याय द्यावा लागतो.

खरी पद्धत कंटाळवाणी आहे. आधी एमडीएडीएमच्या एक्झॅमिनने प्रत्येक डिस्कचा सुपरब्लॉक वाचून तो कागदावर उतरवा. मग डीडीरेस्क्यू या साधनाने प्रत्येक डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मॅप फाईलसकट (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). मग इमेजवर ओव्हरले, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या स्पार्स फाईलमध्ये (लिहिलं तेवढीच जागा घेणाऱ्या) जाईल. त्यावर काय हवे ते प्रयोग करा. चार डिस्कचे क्रम 24च होतात, चुकलं की ओव्हरले फेका आणि पुढचा क्रम लावा. मूळ डिस्कवर एक बिटही लिहायचा नाही.

पाचवी_पास

तो धागा माझा. नाव घ्यायला लाजायचं कारण नव्हतं.

माझा ॲरे त्याच कमांडने उठला. 6 टीबी डेटा परत आला, आजही चालू आहे. तुमची पद्धत पुस्तकात छान दिसते, पण चार 8 टीबी डिस्कांच्या इमेज ठेवायला 32 टीबी जागा कुठून आणू? सासऱ्यांकडून? रिकव्हरी लॅबने मला 1 लाख 40 हजार सांगितले होते, तेही डिस्क उघडून बघण्याआधी. आणि करतात काय? तेच सॉफ्टवेअर, जे तुम्ही-आम्ही उतरवून घेऊ शकतो.

खिळेमोळे

तुमचा उठला कारण क्रम, चंक, ऑफसेट तिन्ही डिफॉल्टच होते. रस्ता न बघता ओलांडला आणि वाचलात, अभिनंदन.

जागा नसेल आणि डिस्क धडधाकट असतील, तर मूळ डिस्कवरच ओव्हरले लावता येतो. स्पार्स फाईलला काही जीबी पुरतात. फक्त डिस्क कटकट आवाज करत असेल तर आधी इमेजच, तिथे काटकसर नको.

लेन्सवाला

मी लग्नाचे फोटो काढतो. चार डिस्कचा रेड 5 खोका, प्रत्येकी 4 टीबी. गणपतीत एक डिस्क ॲरेबाहेर पडली. खोका पीं-पीं करत होता. सीझन डोक्यावर, मी बझर बंद केला. (हसा.) दिवाळीनंतर दुसरी पडली. एका दुकानात नेला, त्यांनी गणपतीत पडलेलीच डिस्क फोर्स, म्हणजे जबरदस्ती, करून ॲरेत घेतली. फोल्डर सगळे दिसले, मी पेढे वाटायचे बाकी होते. मग फाईली उघडल्या. जुनी लग्नं ठणठणीत, गणपतीनंतरच्या फोटोंत वर नवरीचा मुंडावळ्या बांधलेला चेहरा आणि खाली करडा पट्टा.

आणि एक सांगतो. ग्राहकांना सहा-सहा महिने फोन करतो, 'पेनड्राईव्ह घेऊन या, फोटो न्या.' येतच नाहीत! अल्बम हवा, रील हवं, मूळ फाईली न्यायला वेळ नाही. मी काय जन्मभर तिजोरी सांभाळू?

सुईदोरा

वा! म्हणजे बझर तुम्ही बंद केला आणि दोष ग्राहकाचा?

माझ्या बहिणीचे फोटो असेच गेले. आमचे आजोबा त्या लग्नानंतर तीन आठवड्यांत वारले, त्यांचा शेवटचा फोटो त्यात होता. फोटोग्राफर म्हणाला, 'मॅडम, टेक्निकल प्रॉब्लेम आहे.' आगाऊ रक्कम घेताना नव्हता प्रॉब्लेम?

लेन्सवाला

ताई, वाईट वाटलं. पण पॅकेज ठरवताना 'अमका पन्नासमध्ये करतो' म्हणून घासाघीस करायची आणि मग बँकेसारखी सुरक्षा मागायची, हे कसं जमतं? कुठल्या ग्राहकाने विचारलंय, तुमचा बॅकअप कुठे असतो?

सुईदोरा

डॉक्टरला मी विचारते का, सुई उकळली का म्हणून?

पाचवी_पास

ताईंना शंभर मार्क. लेन्सवाले, करारात एक ओळ घाला: नव्वद दिवसांनंतर जबाबदारी नाही. संपलं.

सुईदोरा

नव्वद दिवस? आमच्याकडे सोळावं परतवण होईपर्यंत अल्बमचं सिलेक्शन होत नाही. आणि तुम्ही शंभर मार्क देऊन बाजू त्यांचीच घेताय.

उंटावरून

तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून वऱ्हाड कुठे नेताय? एवढ्या मोठ्या डिस्कांवर रेड 5 वापरणं हाच गुन्हा आहे. साध्या डिस्कचा वाचनदोष 10 वर 14 घात बिटांमागे एक, म्हणजे 12.5 टीबी वाचताना एक सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) जाणार. स्टोरेजवर लिहिणाऱ्या रॉबिन हॅरिसने 2007 मध्येच लिहिलं होतं की 2009 पासून रेड 5 चालणार नाही.

खिळेमोळे

तो आकडा कमाल मर्यादा म्हणून छापतात. माझा 16 टीबीचा ॲरे दर महिन्याला पूर्ण स्क्रब होतो, म्हणजे अथपासून इतिपर्यंत वाचून तपासला जातो, तुमच्या हिशेबाने दरवेळी रडायला हवा. एकदाही नाही.

बहुतेक घरगुती खोके सेक्टर गेला म्हणून पडतच नाहीत. साधी डेस्कटॉप डिस्क एखाद्या सेक्टरवर मिनिटभर घुटमळते, लिनक्स 30 सेकंदांत कंटाळतं, डिस्क रीसेट होते आणि शेवटी ॲरेबाहेर. डिस्क मेलेली नसतेच. लेन्सवाले, तुमची दुसरी डिस्क बहुधा अशीच आहे. तिची इमेज काढा. गणपतीतली बाजूला ठेवा, ती शिळी आहे, पडल्यानंतरचे फोटो तिच्यावर नाहीतच. दिवाळीवाली अधिक उरलेल्या दोन, चौथी जागा रिकामी. एक्सॉर, म्हणजे पॅरिटीचं गणित, बाकीचं बघून घेईल. त्यांनी एफएससीके मारलं का?

उंटावरून

घरी बसून स्क्रब मोजणाऱ्यांशी कोण वाद घालणार. तुमच्या *एका* ॲरेपुरतं मान्य.

लेन्सवाला

नाही मारलं, मी आरडाओरडा केला म्हणून. पण फोर्स केल्यावर इव्हेंट काउंट (कुठली डिस्क किती ताजी हे सांगणारे आकडे) सारखे झालेत, कुठली शिळी तेच कळेना. खोक्यावर मीच मार्करने तारीख लिहिली होती म्हणून वाचलो.

पाचवी_पास

मार्कर! दीड लाखाच्या लॅबपेक्षा दहा रुपयांचा मार्कर. माझा मुद्दा सिद्ध.

खिळेमोळे

तुमचा मुद्दा क्रिएट होता. तुमचं ऐकलं असतं तर मार्करची तारीख श्राद्धाला कामी आली असती.

लेन्सवाला

चार दिवसांनी लिहितोय. इमेज 99.98 टक्के झाली, राहिलेलं उलट्या दिशेने वाचायला लावलं होतं, त्यातलंही थोडं आलं. ओव्हरलेवर उठवलं. आठ लग्नं पूर्ण, नवव्यातले काही फोटो फाटके. सुईदोरा ताई, सगळ्यांना परत फोन केले. दोघं येऊन घेऊन गेले.

सुईदोरा

नऊपैकी दोघं. बरं. बझर चालू केलात का?

लेन्सवाला

केला. बायको वैतागलीय.

पाचवी_पास

खिळेमोळे, माझ्या धाग्यात 'आधी ओव्हरले लावा' अशी ओळ घातली आहे. शेवटी.

खिळेमोळे

पहिल्या ओळीत घाला.

पाचवी_पास

तिसऱ्या.