किसान लाँग मार्च आणि हातातला मोबाइल : आपले अनुभव

अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून निघाला आणि सुमारे 180 किलोमीटर चालून 12 मार्चच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. त्या आठवड्यात मोबाइलचा नेमका काय उपयोग झाला, हे चाललेल्यांनी आणि पाहिलेल्यांनी लिहावे. मते नकोत, अनुभव हवेत.

सुरगाणा तालुका :
आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागे, त्यामुळे मोर्चाची तारीख व्हॉट्सॲपवर नव्हे, गावच्या बैठकीत कळली. कसत असलेली वनजमीन 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे नावावर व्हावी, म्हणून अशा बैठका आमच्याकडे वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. फोनची गरज पडली ती वाटेत. एका गड्याने सोलर पॅनल डोक्यावर घेतले होते, त्यालाच पिना लावून आम्ही आळीपाळीने फोन चार्ज करत असू. बहुतेकांचे फोन साधे, बटणांचे. घरी विचारायचे ते एवढेच, की बैलांना पाणी दाखवले का.

विक्रोळी :
रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकच चौकशी चालू होती : हायवे किती वेळ बंद राहणार? दुपारी कोणीतरी सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांचा फोटो टाकला आणि तासाभरात त्याच ग्रुपवर पाण्याच्या बाटल्या व बिस्किटांची वर्गणी जमू लागली. आम्ही चपलाही नेल्या. त्या सगळ्या पुरुषी मापाच्या निघाल्या, आणि रांगेत समोर तर बायाच बाया होत्या. खजील होऊन निम्म्या परत आणल्या.

सायन :
मुलीचा दहावीचा पेपर होता. ‘उद्या रस्ते बंद, दोन तास आधी निघा’ हा निरोप रात्री मला पाच ठिकाणांहून आला, म्हणून पहाटेचा गजर लावून झोपले. उठून पाहते तर रस्ता मोकळा. परीक्षेच्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून ही माणसे सोमय्या मैदानावरची विश्रांती सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे चालून गेली होती. हे मला मोबाइलवरच कळले. तोवर मीही तो निरोप तिघींना पुढे पाठवलेला होता.

दिंडोरी तालुका :
मागण्यांबाबत सरकारने दिलेल्या लेखी आश्वासनाच्या कागदाचा फोटो 12 तारखेच्या संध्याकाळी आमच्या फोनवर आला. वडिलांनी तो मोठा करून दोनदा वाचून घेतला. फेब्रुवारी 2019 मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला, तेव्हा तोच फोटो दाखवत ते चालायला गेले.