चाकाल्तायावर आता बर्फच नाही, तरी जावं का?

बोटीवरचा_फोंडेकर:
नमस्कार मंडळी. मालवाहू बोटीवर कुक आहे. जुलैत चिलीच्या आरिका बंदरात साइन-ऑफ आहे, म्हणजे बोटीवरची ही फेरी संपून उतरायचं, चारपाच दिवस हातात मिळतील. तिथून बोलिव्हियातल्या ला पाझला बस जाते. तिथला चाकाल्ताया डोंगर म्हणजे जगातलं सगळ्यात उंचावरचं स्कीइंगचं ठिकाण, असं शाळेत जीकेच्या पुस्तकात वाचलेलं डोक्यात बसलंय. मी बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला. आता कळतंय की तिथली हिमनदी २००९ मध्येच संपली. बायको म्हणते, उघडा डोंगरच बघायचा तर पारोड्याचा चंद्रनाथ चढा, फुकट आहे. काय करू?

डिचोलीकर:
जा रे बाब. पण बसमधून उतरून थेट डोंगरावर नको. आरिका समुद्राला लागून, आणि बस त्याच दिवशी साडेचार हजार मीटरच्या वरून जाते. ला पाझच ३,६०० मीटरवर आहे. तिथे दोन दिवस नुसतं लोळ, पाणी पी, दारू बंद. उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स डॉक्टरला विचारूनच घे, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांग.

मी खाणीवर सर्व्हेअर होतो, २०१९ साली मुलाबरोबर गेलो. गाडी बरीच वरपर्यंत नेते, माथा ५,४२१ मीटर. राहिलेलं अंतर आमच्या डिचोली बसस्टँडवरून बाजारात जाण्याएवढं, पण पाऊण तास लागला. दहा पावलं, थांबा, परत दहा पावलं. हवेचा दाब तिथे आपल्या निम्माच. पिशवीतलं चिवड्याचं पाकीट फुगून टम्म झालेलं.

बर्फ नाहीच. करडी, भुसभुशीत पाटीच्या दगडाची घसरण आहे आणि कड्याला स्कीइंग क्लबची जुनी इमारत. १९३९ मध्ये इथे गाडीच्या इंजिनावर दोर फिरवून लोकांना वर ओढायचे. त्यातलं एक गंजकं चाक मला दिसलं. खोबणीतलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं. नखाने खरवडलं तर आत अजून पिवळं, ओलसर. खाणी बंद पडल्यावर आमच्या कन्व्हेअरच्या रोलरवर असंच ग्रीस राहिलं होतं. मी तिथेच बसलो. मुलाला वाटलं, बाबांना उंची लागली.

शास्त्रज्ञांचा अंदाज होता की हिमनदी २०१५ पर्यंत टिकेल. मुळातच लहान आणि पातळ, त्यात कडेने काळा खडक उघडा पडला की तो तापतो आणि शेजारचा बर्फ आणखी भराभर वितळतो. तुला बर्फच बघायचा असेल तर वर उभा राहून समोर वाइना पोतोसी बघ, ६,०८८ मीटर, पांढरा शुभ्र. जुलै तिथला कोरडा हंगाम, आभाळ स्वच्छ असतं. आपल्यासारखा चिखल नाही.

मडगावची_बाई:
फिजिक्स शिकवायचे म्हणून राहवत नाही. माथ्याच्या जरा खाली वैश्विक किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांची प्रयोगशाळा आहे, ती चुकवू नका. १९४७ साली सेझार लात्तेस यांनी त्या डोंगरावर फोटोच्या प्लेटा ठेवल्या आणि त्यांत पायॉन या अणूहूनही लहान कणाचे माग सापडले. १९५० चं नोबेल मात्र त्यांच्या गटाचे प्रमुख पॉवेल यांना. आपल्या बिभा चौधुरी आणि देबेंद्रमोहन बोस तर त्याच्याही आधी दार्जिलिंगच्या बाजूला अशाच प्लेटा ठेवत होते, पण पाठ्यपुस्तकात कुठे येतात हे दोघं?

वास्कोचा_सेकंडमेट:
फोंडेकर, एक महत्त्वाचं. तिथे हॉटेलात शिरल्याबरोबर हातात कोकाच्या पानांचा चहा देतात. पिऊ नकोस. एका कपानेही लघवीच्या टेस्टमध्ये कोकेन दाखवतं, आणि पुढच्या जॉइनिंगला टेस्ट आहेच. टी-बॅग घरी आणायचं तर मनातही आणू नकोस, आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. यलो फिव्हरच्या लशीचं कार्ड जवळ ठेव, बोलिव्हियातून परतल्यावर आपल्या विमानतळावर मागतात.

बोटीवरचा_फोंडेकर:
बाप रे, चहाचं ठाऊकच नव्हतं. देव बरें करूं! तिकीट काढतोय. डिचोलीकर दादा, त्या चाकाचा फोटो आहे का?

डिचोलीकर:
नाही. थंडीने मोबाइलची बॅटरी मेली होती. तू मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लावून ठेव. काढलास की इथे टाक.