वॉशरचं बटण दाबलं की नुसतं फुस्स, पाणी नाही. मदत हवी आहे (सोमवारी पासिंग!)

सांगलीकर_७९
मंडळी अर्जंट आहे. काचेवर पाणी मारायचं बंद पडलंय. बटण दाबलं की फुस्स होतं आणि पाण्याचा पत्ता नाही. सोमवारी आरटीओत रिन्यूअलचं पासिंग आहे, ब्रेक हॉर्न लाईट वायपर सगळं ओके, एवढंच राहिलंय. शंभर फुटी रोडला विचारून आलो, सगळ्यांचं एकच, ह्याचा पार्ट मिळत नाही नवीन बसवा. नळी नवीन टाकलीय, जेट (काचेवर पाणी उडवणाऱ्या तोट्या) पण साफ केलेत. प्लीज कुणी केलं असेल तर सांगा, गूगलवरचं नको.

घाटातला_गडी
गाडी कोणती?

सांगलीकर_७९
वडिलांची जुनी गाडी आहे. पाणी मारायचं सगळ्या गाड्यांचं सारखंच असतंय की.

घाटातला_गडी
सारखं नसतंय भावा. मोटर आहे का हातपंप? बटण दाबल्यावर घर्र आवाज येतो का? बॉनेट उघडून फोटो टाक.

अँबीप्रेमी_सातारा
आमच्याकडं अँबेसिडर होती मार्क थ्री, तिला वॉशर होता का नव्हता तेच आठवत नाही कारण कधी लागलाच नाही. एकदा खंबाटकीत धो धो पाऊस आणि वायपर बंद पडला, वडिलांनी खाली उतरून तंबाखूची चिमूट काचेवर चोळली आणि पाणी असं सरसर सरकायला लागलं की थेट साताऱ्यापर्यंत आलो. हल्लीच्या पोरांना सेन्सर लागतात.

मिरज_वायरमन
धागाकर्ते, जुनं सगळं काढून टाका. युनिव्हर्सल बारा व्होल्टचा पंप मिळतो, टाकीसकट घ्या, एक स्विच, एक फ्यूज, विषय संपला. अर्ध्या तासाचं काम आहे. मी कितीतरी गाड्यांना बसवलाय.

सांगलीकर_७९
प्रीमियर पद्मिनी आहे. ७९ मॉडेल. मोटर बिटर काही नाही, डॅशला काळं बटण आहे ते अंगठ्यानं दाबायचं. अँबीवाले काका, तंबाखू घेऊन आरटीओत जाऊ का?

अस्सल_पद्मिनी
कृपा करून मोटर बसवू नका!! ७९ ची म्हणजे २०२९ ला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात व्हीए येतं. डॅशला भोक पाडून चायनीज स्विच लावला की गेलं सगळं.

मिरज_वायरमन
एका पंपानं कुणी व्हिंटेज नाकारत नाही साहेब. आणि व्हिंटेज केली की रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची, हे पण सांगा की. ते वडिलांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाणार, का शेडमध्ये ठेवून अगरबत्ती लावणार?

अस्सल_पद्मिनी
तो त्यांचा प्रश्न आहे. मी फक्त भोक पाडू नका म्हटलं.

एमएच११_वकीलसाहेब
मुळात पासिंगला वॉशर लागतो का? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०१ वायपरबद्दल आहे, वॉशरचा नाही. वायपर ओके आहेत म्हणताय तर निवांत जा.

घाटातला_गडी
वकीलसाहेब, नियम बरोबर असेल, पण ऊसाचा सीझन सुरू आहे. रात्री ट्रॅक्टरच्या मागं गाडी लागली, टायरचा चिखल काचेवर आला आणि त्यावर कोरडा वायपर फिरवला की समोर नुसतं तपकिरी फरफटं. त्यात कुणीतरी पाचट पेटवलेलं असतंय, ती काजळी तेलकट, वायपरनं अजूनच पसरते. पासिंग होवो न होवो, पाणी पाहिजेच.

टर्नर_उद्यमनगर
आता कामाचं बोलू. हातपंपात दोन व्हॉल्व्ह असतात, एक पाणी आत घ्यायचा, एक जेटकडं सोडायचा, आणि आत स्प्रिंग. दाबलं की पाणी जेटकडं जातं, सोडलं की स्प्रिंग बटण मागं ढकलते आणि टाकीतनं पाणी ओढलं जातं. त्यामुळं बटणच सांगतं दुखणं कुठं आहे. बटण दगडासारखं घट्ट लागत असेल तर पुढं जेट किंवा नळी तुंबलीय. दाबलं जातं पण मागं यायला वेळ लावतं, तर टाकीच्या बाजूला चोक आहे. आणि नुसतं पोकळ लागतंय, पटकन मागं येतंय, पाणी नाही, तर कुठनं तरी एअर ओढतोय. तुमचं फुस्स म्हणजे बहुतेक हे तिसरं.
टाकीकडनं येणारी नळी पंपापासून काढा. ते नुसतं तोंड बोटानं दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं बटण दाबून सोडा. बोट खेचल्यासारखं झालं तर पंप चांगला आहे, दोष नळीत नाहीतर टाकीत. खेचलं नाही तर पंप खोला, आतला रबर कडक झाला असेल. आणि टाकी कुठं आहे आणि कशी आहे ते सांगा, ते तुम्ही लिहिलंच नाही.

सांगलीकर_७९
बोट चांगलंच खेचतंय. टाकी म्हणजे पूर्वी प्लास्टिकची पिशवी होती ती फाटून जमाना झाला, आधीच्या मेकॅनिकनं पाण्याची लिटरची बाटली तारेनं बांधलीय, खाली रेडिएटरच्या बाजूला, जागा तिथंच होती. झाकणाला भोक पाडून नळी आत सोडलीय. नळी सलाईनची आहे, नवीच आहे, दवाखान्यातला मित्र आहे त्यानं दिली.

घाटातला_गडी
हे आधी सांगायला काय झालं होतं 😄

टर्नर_उद्यमनगर
सापडलं की मग. बाटली पंपाच्या बरीच खाली गेली आणि नळीच्या टोकाला काही नाही. विहिरीवरच्या मोटरीचा फूटवॉल (पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गेला की पाणी उतरतं आणि पंप एअर धरतो, तेच झालंय. बटण सोडून दहा मिनिटं गाडी उभी राहिली की नळीतलं सगळं पाणी परत बाटलीत. शिवाय सलाईनची नळी इंजिनाजवळ गरम झाली की तोंडाशी मऊ पडून सैल होते, गार झाली की कडक, तिथनं पण हवा जाते. एवढ्याशा पंपाला तेवढी हवा पुरते.

मिरज_वायरमन
म्हणूनच म्हटलं मोटर बसवा.

टर्नर_उद्यमनगर
भाऊ, तुमची मोटर पण त्या बाटलीवर चालणार नाही. तो सेंट्रिफ्युगल पंप, स्वतः पाणी वर ओढत नाही, टाकीच्या बुडाला किंवा पाण्याच्या खालीच लागतो. आणि दोन वायरी उलट्या जोडल्या तर फिरतो मस्त, पाणी मात्र लाळ गळल्यागत. किती जण पंप खराब म्हणून परत करतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतंय.

मिरज_वायरमन
टाकीसकट घ्या म्हटलं होतं मी, वाचा नीट. त्या टाकीला पंप बुडालाच असतो. उलट्या वायरीचं मान्य.

कृष्णाकाठ
पाणी कुठलं घालता? आमच्याकडं बोअरचं पाणी एवढं क्षारांचं आहे की गिझरचा रॉड पांढरा होतो. जेटचं भोक सुईएवढं, त्यात एक खडा बसला की संपलं. मी आरओचं जे पाणी वाया जातं ते वापरतो, फुकट आहे.

अस्सल_पद्मिनी
अहो वाया जाणाऱ्या पाण्यातच तर सगळे क्षार जमा होतात! काचेवर पांढरे डाग पडत असतील बघा.

कृष्णाकाठ
डाग पडतात खरे. मला वाटलं काच जुनी झाली.

अँबीप्रेमी_सातारा
एसीचं पाणी धरा बादलीत, त्यात क्षार नसतात. आणि कपड्याची पावडर अजिबात घालू नका, फेस काचेवरच वाळतो आणि समोरून लाईट आला की काही दिसत नाही. बटाटा अर्धा कापून चोळला तरी...

घाटातला_गडी
काका, बटाटा पुरे.

टर्नर_उद्यमनगर
धागाकर्ते, हे करा. बाटली वर आणा, बॅटरीच्या ट्रेजवळ किंवा बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) पट्टी मारून, पंपाच्या जेवढी जवळ तेवढं बरं, फक्त पाण्याची पातळी जेटच्या खाली ठेवा नाहीतर आपोआप ठिबकत राहील. झाकणाला आणखी एक बारीक भोक हवेसाठी, नाहीतर बाटली आत चेपते. आणि मत्स्यालयाच्या दुकानात एअर पंपाच्या नळीला लावायचा प्लास्टिकचा वन वे व्हॉल्व्ह मिळतो, वीस-तीस रुपयांत, तो बाटलीजवळ नळीत घाला. बाण पंपाकडं. लावायच्या आधी एका बाजूनं फुंकून बघा, बाणावर भरवसा ठेवू नका. सलाईनची काढून रबरी नळी टाका, तोंड गरम पाण्यात बुडवून मग चढवा, तार आवळू नका, नाहीतर पंपाचं प्लास्टिकचं तोंड तडकतं, आणि ते मात्र खरंच कुठं मिळत नाही. मिळालं तर मुंबईत चोर बाजारात, तेही नशिबानं.

एमएच११_वकीलसाहेब
विमा चालू आहे ना? आणि पीयूसी? पासिंगला ते आधी बघतात.

सांगलीकर_७९
विमा पीयूसी सगळं आहे हो. गणपती पेठेत रबरी नळी मिळाली, व्हॉल्व्ह विश्रामबागेत फिशटँकवाल्याकडं, त्यानं विचारलं मासे कोणते, मी म्हटलं पद्मिनी. बाटली वर घेतली. आधी थोडी हवा आली आणि मग पाणी आलं! वडील आत बसून दाबत होते, मी बाहेर उभा, थेट तोंडावर. म्हणजे उजवा जेट काचेच्या वरून टपावर जातोय आणि डावा नुसता बॉनेट भिजवतोय.

घाटातला_गडी
जेटच्या भोकात टाचणी घालून हळू वळव, आतला गोळा फिरतो. काचेच्या मधल्याच्या जरा वर मार, गाडी पळायला लागली की वाऱ्यानं धार खाली येते.

सांगलीकर_७९
उजवा झाला. डाव्यात गोळाच नाही, नुसतं पितळेचं नळकांडं आहे. त्याचं काय करू?

मिरज_वायरमन
दोन्ही जेट नवीन घ्या.

अस्सल_पद्मिनी
अजिबात काढू नका, तोच ओरिजिनल असेल! फोटो टाका आधी.

टर्नर_उद्यमनगर
फोटो टाका, पण ओढू वाकवू नका. खालचा नट सैल करून अख्खा जेट फिरतो का बघा, बुडाशी पातळ वॉशर (म्हणजे नटाखालची चकती) एका बाजूला सरकवून घातला तर तोंड वर होईल.

अँबीप्रेमी_सातारा
पद्मिनी विकायची आहे का? भाव काय धरलाय?