काप्री बेट, मरिना पिक्कोला: आईला घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर जमेल का?

केतकीबन
जूनमध्ये नेपल्सला मुक्काम आहे. त्यातला एक दिवस काप्रीसाठी ठेवलाय. सोबत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात. समुद्रातले ते उभे सुळके आणि त्यांच्यासमोर पाण्यात पाय सोडून बसलेली माणसं तिने कुठल्याशा मासिकात पाहिली होती. तेव्हापासून तिच्या मनात हेच आहे की एकदा तिथे पाय बुडवायचे. तिथल्या मरिना पिक्कोला किनाऱ्यावर वाळू अजिबात नाही, गोटेच गोटे, असं वाचलं. तिला चालवेल का? किनाऱ्यावरच्या खासगी क्लबचे पैसे न भरता पाण्यापर्यंत जाऊ देतात का? आणि ती पंजाबी ड्रेसच घालणार. तिथल्या झगमगाटात तिला अवघडल्यासारखं होईल का?

वाटाड्या
मी तर काप्रीला जाऊच नका म्हणेन. एका खुर्चीचे केवढे पैसे घेतात! त्यापेक्षा शेजारच्या इस्किया बेटावर जा. तिथे वाळू आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांनाही बरं.

दर्याकाठ
इस्किया मलाही आवडतं. पण केतकीच्या आईंना सुळके बघायचेत, आणि ते काप्रीलाच आहेत. नोकरीमुळे मी काही वर्षं नेपल्समध्ये होते. सुट्टी मिळाली की सकाळची बोट धरून मरिना पिक्कोला गाठायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. इटलीत समुद्रकिनारा सरकारी मालकीचा असतो. क्लबवाल्यांकडे असतो तो फक्त तिथे व्यवसाय करायचा परवाना. पाण्यालगतच्या पट्ट्यातून जायला ते कुणाला मनाई करू शकत नाहीत. मरिना पिक्कोलाच्या मधोमध एक खडक समुद्रात घुसलाय, त्याला सायरनांचा, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या गाऊन भुलवणाऱ्या स्त्रियांचा, खडक म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना मोफत किनाऱ्याचे तुकडे आहेत. तुकडेच म्हणायचे, कारण दिवसाच्या बोटींची गर्दी उतरली की टॉवेल पसरायलाही जागा उरत नाही. पण गोटे तेच, पाणी तेच, आणि पूर्वेला फाराल्योनीचे सुळकेही तेच दिसतात. क्लबात पैसे मोजायचे ते खुर्ची, छत्री, कपडे बदलायची खोली आणि पाण्यात उतरायची धड सोय यांचे. तुम्ही तरुण मंडळीच असतात तर एक युरोही देऊ नका म्हटलं असतं. आईंसाठी मात्र द्या, आणि जूनमध्ये जागा आधी राखून ठेवा. राखताना एकच विचारा: पाण्यात उतरायला कठडा धरून पायऱ्या आहेत का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरा क्लब बघा.

हे इतकं ठासून सांगते, कारण गोट्यांच्या किनाऱ्यावर खरी कसोटी लागते ती पाण्याच्या काठावर. कोरड्या गोट्यांवर माणूस सावकाश चालतो. काठाशी लाट मागे जाताना पायाखालचे गोटेही घेऊन जाते आणि तोल जातो. शिवाय पुळणीसारखा उतार हळूहळू वाढत नाही, चार पावलांत कमरेइतकं पाणी लागू शकतं. जाड रबरी तळाचे वॉटर शूज आईंना हवेतच, तुम्हीही घाला, कारण दुपारी गोटे चांगलेच तापतात. त्या पाण्याचा तळ इतका स्वच्छ दिसतो तोही गोट्यांमुळेच, लाटेने ढवळून वर यायला बारीक वाळूच नसते. भरती-ओहोटी बघून वेळ ठरवायची आपली सवय तिथे सोडून द्या. भूमध्य समुद्रात तिथे पाणी चढतं-उतरतं ते फूटभराच्या आसपास.

वेळ सकाळची ठेवा. पश्चिमेला मोंते सोलारो उभा आहे, ५८९ मीटर उंच, त्यामुळे सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ऊन त्याच्याआड जातं. दुपारी उशिरा पोचलेल्यांना सावलीतला किनारा मिळतो.

बोट मरिना ग्रांदेला लागते, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तिथून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या रेल्वेने, वर गावात आणि गावातून छोट्या बसने खाली मरिना पिक्कोला. बस उतरवते तिथून पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत. आईंना त्या सावकाश उतरू द्या, मागच्या लोकांची घाई मनावर घेऊ नका.

केतकीबन
फार उपयोगी माहिती, ताई! नवऱ्याला तो नागमोडी क्रुप रस्ता उतरून यायचंय. आईला तिकडून आणता येईल का?

दर्याकाठ
नाही, आईंना बसनेच आणा. नवऱ्याला पायी जायचंय तर जाऊ दे. ऑगस्टस बागेपासून उतरणारा तो रस्ता बघण्यासारखाच आहे. फ्रीडरिख क्रुप या जर्मन पोलाद कारखानदाराने १९०० ते १९०२ च्या दरम्यान तो बांधवून घेतला. कड्यावरून दगड कोसळतात म्हणून तो वर्षानुवर्षं बंद राहिलेला आहे, तेव्हा त्या दिवशी उघडा आहे की नाही ते बागेपाशी विचारूनच निघायचं.

कपड्यांचं अगदी मनावर घेऊ नका. झगमगाट आहे, महागडी घड्याळं आणि मोठ्या टोप्या दिसतात, पण ती माणसं स्वतःतच रमलेली असतात. त्याच काठावर इटालियन आज्या सुती झगे गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात पाय सोडून बसलेल्या मी कितीदा पाहिल्यात. सलवार चटकन वर घेता येईल अशी सैल असली की झालं.

वाटाड्या
असं असेल तर मी इस्कियाचा आग्रह सोडतो. फक्त बोटीचं बघा. नेपल्सहून जलद बोटी मोलो बेव्हेरेल्लोहून सुटतात, पाऊण-एक तासात पोचवतात. मोठ्या संथ फेरीबोटी कालाता पोर्ता दी मास्साहून निघतात, त्यांना जास्त वेळ लागतो. ज्यांना बोट लागते त्यांना मोठी बरी, ती कमी हलते.

दर्याकाठ
बरोबर. आणि समुद्र खवळला तर जलद बोटी आधी रद्द होतात. परतीला शेवटची बोट धरू नका, तिच्या आधीची धरा. विमान दुसऱ्या दिवशी असेल तर काप्री त्याच्या आदल्या दिवशी नको, मुक्कामाच्या सुरुवातीलाच उरका. म्हणजे वारा सुटला तरी आईंसाठी आणखी एक सकाळ हाताशी राहील. आणि तिथले गोटे आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, इटलीत किनाऱ्यावरचे गोटे नेण्यावर बंदी आहे.