पद्धतींचा पेपर पाठांतराचा नाही

कोणीतरी लिहिलंय, की समाजशास्त्रात संशोधनपद्धतींचा पेपर कोरडा असतो, नमुना निवडीचे (अभ्यासासाठी मोजकी माणसं कशी निवडायची याचे) प्रकार पाठ केले की झालं. मला हे अजिबात पटत नाही. खरं समाजशास्त्र याच पेपरात हाताला लागतं.

गावात एखाद्या बाईला विचारा, "तुम्ही काय काम करता?" बरेचदा उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." आता प्रश्न बदला: काल पहाटे उठल्यापासून काय काय केलंत? मग पाणी, गोठा, स्वयंपाक, खुरपणी, पोरांचा अभ्यास असं एकेक बाहेर येतं. पहिल्या प्रश्नावर थांबलात, तर ही बाई तुमच्या तक्त्यात 'काम न करणारी' म्हणून जाते. २०१९ मध्ये देशभर झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात याच रीतीने आदल्या दिवसाचे चोवीस तास, पहाटे चारपासून, अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवले गेले. बिनपगारी श्रम दिसतात ते त्यामुळे.

आपल्याकडे इरावती कर्वे यांनी जय निंबकर यांच्यासोबत कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांचा अभ्यास केला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धतींचा पेपर शिकताना असा एखादा अहवाल हातात घ्या. कोणाला, कुठे, काय विचारलंय ते तपासत वाचा.

आणि शिक्षकांना विनंती: प्रश्नावली वर्गात बनवून घेऊ नका. आधी मुलांना दोन-चार घरी नुसतं बसून ऐकायला पाठवा, प्रश्न नंतर लिहू द्या.