पेट्रोल भरताना मोटारसायकलवरून उतरणे आवश्यक आहे का?

निपाणीकर: निपाणी–बेळगाव महामार्गावरच्या पंपांवर गर्दी असली की बरेच जण गाडीवर बसूनच पेट्रोल भरून घेतात, मागे मुलेबाळेही असतात. इंजिन बंद असताना यात खरोखर धोका आहे का?

खानापूरकर: निश्चितच आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ती टाकीवरून खाली, थेट तापलेल्या इंजिनाकडे उतरते. टाकी मांड्यांच्या मध्येच असल्याने भडका उडाल्यास बसलेल्या माणसाला बाजूला होण्याची सवडही मिळत नाही. मागचे लोक कितीही हॉर्न वाजवोत, सर्वांनी उतरावे.

चिकोडीकर: सहमत. शिवाय ‘फुल्ल करा’ म्हणत झाकणापर्यंत भरण्याचा हट्ट सोडावा, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि टाकीत मोकळी जागा नसेल तर बाहेर येते. नोझल टाकीच्या धातूच्या काठाला टेकलेले ठेवावे, म्हणजे स्थिर विद्युतभारामुळे ठिणगी पडण्याची शक्यता कमी होते.

निपाणीकर: आणि पेट्रोल सांडलेच तर?

खानापूरकर: कर्मचाऱ्यास सांगून ते पुसून घ्यावे, गाडी ढकलत दूर न्यावी आणि वास पूर्ण गेल्यावरच सुरू करावी.